आठव्या चाकाआधीचं खाकरणं

कुल्याशने चाकावर ठोका मारला आणि रोजच्या सवयीने तळवा टेकवायला गेली. तिथे चाक नव्हतंच! ती तोंडावर आपटता आपटता वाचली.

"जपून गं ताई!" तिच्याबरोबर परीक्षेला बसलेली माराल खिदळली. "चष्म्यातली गाडी आहे ती, तुझा भार नाही पेलायची."

वॅगन डेपोतले सगळे हसले. कुल्याशने ती खोटी गाडी दाखवणारा जड चष्मा आणि हेडफोन उतरवले. चौदा वर्षं ती रेल्वेगाड्यांची चाकं ठोकून, ऐकून तपासत होती. आता या चष्म्यातल्या परीक्षेत पास झालं नाही तर यार्डात पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम निघाला होता. दोनदा ती नापास झाली होती. आज शेवटची संधी. डोळ्यांपुढे बाण, आकडे, ठिपके नाचू लागले की पुढे काय करायचं तेच तिला कळेनासं होई.

"तोख्तार आगा, मला नाही जमायचं," ती मुकादमांना म्हणाली. "मला कोकेंनी हात धरून शिकवलं. आता यंत्राकडून शिकले, तर त्यांचं शिकवणं पुसल्यासारखं होईल."

कोके म्हणजे तिचे वडील, सेरिकबाय. ते गेल्यानंतरचा चाळिसाव्या दिवसाचा विधी कालच झाला होता. त्यासाठी शेल्पेकच्या पातळ पोळ्या तळल्याचा वास अजून तिच्या रुमालाला होता.

"कोके आधी काय सांगायचा?"

"ऐक म्हणायचे."

"मग ऐक की! बघतेस कशाला एवढी?"

तिने चष्मा आणि हेडफोन चढवले आणि डोळे मिटून घेतले. ठोका. स्वच्छ, लांबवर घुमणारा. आणखी एक. आठव्या चाकाआधी कुणीतरी खाकरलं. मग ठोका पडला, बसका, मध्येच तुटलेला.

ते खाकरणं! रोज पहाटे कोके दारात बूट चढवताना ऐकलेलं!

"आगा... हे ठोके कुणाचे?"

"कोकेचेच. हिवाळ्यात अकरा दिवस येत होता. तडकलेली चाकं शोधून ठोकायचा आणि या परीक्षेसाठी यंत्रात आवाज भरून घ्यायचा. म्हणाला, पोरीला सांगू नका, थंडीत गेलो म्हणून ओरडेल. मी म्हटलं, या वयात हे कशाला? तर म्हणतो, हात मी किती जणांचे धरणार?"

रडावं की रागवावं, कुल्याशला कळेना.

"आठवं चाक," ती म्हणाली. "तडा आहे."

उत्तर बरोबर होतं; ती पास झाली. पण ती तिथे थांबली नाही. ठिपके बघून पैकीच्या पैकी मिळवलेल्या मारालला हाताला धरून तिने यार्डातल्या खऱ्या गाडीच्या चाकापाशी नेलं.

"टेकव तळवा. आता ऐक."

मित्रहो, शिकवायची साधनं बदलणारच. त्यांना घाबरून पाठ फिरवू नका! त्यांच्या आतही कुणीतरी आपलं आयुष्य ओतलेलं असतं. आणि त्यांच्याकडून जे शिकाल, ते खऱ्या चाकावर हात ठेवून पडताळल्याशिवाय राहू नका.