ताईचा रेडा

डाव्या खांद्याचं ऑपरेशन होऊन तीन दिवस झाले नाहीत तोच ताईने धाकट्या भावाला दवाखान्यात बोलावून घेतलं आणि कॉटखालची काळी बॅग बाहेर ओढायला लावली.

"उघड," ती म्हणाली. "चावत नाही."

बॅगेत तिची लेन्स होती, कॅमेऱ्याला जोडलेलीच. लांबचं जवळ आणणारी, झूमवाली, पावणेतीन किलो वजनाची. मूळचा पांढरा रंग जागोजागी उडालेला आणि तोंडाशी बादलीएवढं काळं नळकांडं. एका वर्तमानपत्रासाठी खेळांचे फोटो काढता काढता ताईने एकवीस वर्षं ती खांद्यावर वागवली होती. ती तिला 'रेडा' म्हणायची. खांदा याच रेड्याने खाल्ला, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. डॉक्टरला कवडीचं कळत नाही, असं ताईचं.

भावाने कॅमेऱ्याला धरून तो प्रकार उचलला आणि ताई कॉटवरून अर्धी उठलीच.

"अरे गाढवा, कॅमेऱ्याला नाही! लेन्सला धर. मांजराचं पिल्लू उचलतोयस का मानगुटीला धरून? जोड तुटला ना, तर तुझा खांदा मी काढून घेईन."

हा भाऊही फोटोग्राफरच होता, पण तसं म्हटलेलं ताईला खपत नसे. औषधाच्या दुकानावरच्या माडीवर त्याचा पासपोर्ट फोटोचा स्टुडिओ होता. गिऱ्हाईक स्टुलावर आणि हा बरोबर पाच फुटांवर. जमिनीवर तशी रेघच मारलेली होती, आणि सत्तावीस वर्षांत त्याने ती ओलांडली नव्हती. "मान सरळ. ओठ मिटा. हलू नका!" हे तो अशा आवाजात म्हणे, की समोरचा माणूस श्वास घ्यायलाही परवानगी मागे. त्यावरून सगळे त्याला हलूनका म्हणत. आधी पाठीमागे म्हणत. पुढे तोंडावर म्हणू लागले, आणि तो ओ द्यायला लागला.

"महिला हॉकीची लीग सुरू होतेय," ताई म्हणाली. "सात रविवार, सकाळच्या मॅच. मी नाही गेले तर ऑफिस दुसऱ्याला धाडणार आणि तो गोचिडासारखा चिकटणार. म्हणून तू जायचंस."

"मीच का?"

"कारण तू चिकटणार नाहीस. तेवढा दम नाही तुझ्यात."

हे खोटं आहे असं हलूनकालाही मनापासून वाटलं नाही. त्याने रेडा उचलला, लेन्सला धरून, आणि घरी आला.

पहिल्या मॅचला अकरा दिवस होते. सराव म्हणून त्याने तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या बाल्कनीतून चौकातल्या बसचे फोटो काढायचं ठरवलं. बस मोठी असते, लाल असते आणि ठरलेल्या रस्त्याने जाते. तिच्यात चुकण्यासारखं काय असणार, असा त्याचा हिशेब. पण लेन्स डोळ्याला लावली की बस गायब! कधी नुसतं आभाळ, कधी विजेचा खांब, एकदा तर भिंतीएवढी निळी पट्ट्यांची विजार, जी त्याचीच होती आणि समोर दोरीवर वाळत होती. एवढ्या दुरून पाहायचं तर लेन्स बोटभर हलली तरी पलीकडे गल्ली बदलते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यातून हात थरथरायचा. चौथ्या मिनिटाला मनगट, सातव्याला दंड, आणि दहाव्याला तो स्वतःच खाली बसायचा.

ताई फोनवरून शिकवायची, म्हणजे शिव्या द्यायची.

"दोन्ही डोळे उघडे ठेव. आधी झूम मागे घे, बस शोध, मग पुढे जा. कोपर बरगडीत रुतव. वजन दंडावर नाही, हाडावर घ्यायचं. पाय फाकव जरा! संडासच्या रांगेत उभा असल्यासारखा उभा राहू नको."

"तू बघतेयस का मला?"

"बघायची गरज नाही. लहानपणापासून ओळखते."

आता तो सकाळ-संध्याकाळ लेन्स छातीशी कवटाळून उभा राहू लागला. बायको आतून कणिक मळता मळता बघायची.

"पंचवीस वर्षांत मला कधी एवढं छातीशी धरलं नाहीत," ती म्हणाली.

"तू पावणेतीन किलोची नाहीस."

या उत्तराचा अर्थ दोघांनी आपापल्या परीने लावला आणि दोन दिवस घरात जेवण मुकाट्याने झालं.

सहाव्या दिवशी दार वाजलं. समोरच्या इमारतीत राहणारे निवृत्त दातांचे डॉक्टर दारात उभे होते, आणि आयुष्यभर दुसऱ्यांना 'आ' करायला लावणाऱ्या त्या माणसाचा स्वतःचा जबडा रागाने घट्ट मिटला होता.

"तुम्ही माझ्या घरात डोकावता," ते म्हणाले. "ती तोफ रोज माझ्या बाल्कनीकडे रोखलेली असते. लाज वाटत नाही? मी पोलिसांत जाईन."

"डॉक्टरसाहेब, मी बस शोधतोय हो. तीच सापडत नाही, तुम्ही कुठून सापडणार?"

"फोटो दाखवा. सगळे!"

बायकोने चहा टाकला आणि तिघं जण फोटो बघायला बसले. तीनशे बारा फोटो होते. आभाळ. खांब. अर्धी बस. खांब. बसचं मागचं चाक. विजार. पुन्हा आभाळ. पन्नासएक फोटोंनंतर डॉक्टरांचा राग ओसरला आणि त्या जागी एक प्रकारची काळजी आली. दात बघताना पेशंटला जसं सांगत तसं ते हळूच म्हणाले, "हे बरंच पुढे गेलंय हो."

आणि दोनशे सत्तेचाळिसावा फोटो लख्ख निघाला. बनियन घातलेले डॉक्टर बाल्कनीत छोट्या आरशासमोर उभे, हातात ब्रश, आणि अर्धी मिशी काळी, अर्धी पांढरी. मिशीचा केस न् केस मोजता येत होता.

बायकोने पदर तोंडाशी धरून स्वयंपाकघर गाठलं. हलूनकाने पोलीस स्टेशनमध्ये कोणता शर्ट घालून जावं याचा विचार सुरू केला. डॉक्टर मात्र फोटोकडे बघतच राहिले.

"डावीकडून मी अजून बरा दिसतो, नाही?" ते म्हणाले. "काळी बाजू तेवढी ठेवून एक प्रत देता येईल?"

हलूनकाने हे ताईला मोठ्या अभिमानाने कळवलं. लख्ख फोटो आला, तोही एवढ्या लांबून!

"तो आला कारण तो माणूस हलत नव्हता," ताई म्हणाली. "समोरचा पुतळा झाला की तुला जमतं, हे मला माहीत आहे. आता हॉकीत बावीस बायका मिशीला रंग लावत उभ्या राहणार आहेत का?"

पहिल्या रविवारी हलूनका मैदानावर गेला तेव्हा त्याच्याजवळ रेडा होता आणि त्याला टेकवायला एकपायी दांडा होता. तो गोलच्या बाजूला, रेषेबाहेर स्टुलावर बसला. खेळ सुरू झाला आणि त्याच्या लक्षात आलं, की बस ही फार समंजस वस्तू आहे. बस निदान एकाच दिशेने जाते. इथे चेंडू दिसला की पोरगी नाही, पोरगी दिसली की चेंडू नाही, आणि दोन्ही दिसले की मध्ये अंपायरची पाठ. त्याने पहिल्या अर्ध्यात चारशे फोटो काढले. त्यांतल्या बऱ्याच फोटोंत गवत उत्तम आलं होतं.

शेवटची पाच मिनिटं राहिली होती आणि स्कोअर शून्य-शून्य होता. यजमान संघाच्या गोलवर हल्ला आला. हलूनकाने ताईचं सगळं आठवून पाहिलं. कोपर बरगडीत, झूम मागे, शोध, आता पुढे. आणि काय आश्चर्य! यजमानांची गोलकीपर अख्खीच्या अख्खी, मधोमध, स्वच्छ सापडली. अकरा दिवसांच्या आणि चारशे फोटोंच्या घामाचं सोनं झालं. आनंदाच्या भरात त्याच्या तोंडून सत्तावीस वर्षांची सवय तोफेसारखी सुटली.

"हलू नका!"

गोलकीपर थिजली. पुरता अर्धा सेकंद. महिन्यापूर्वीच तिने त्याच्याकडे पासपोर्टचा फोटो काढला होता, आणि तो आवाज तिच्या हाडात बसला होता. चेंडू तिच्या गुडघ्याजवळून आरामात आत गेला.

पुढे जे झालं ते सांगण्यासारखं नाही, पण सगळ्यांनी सांगितलंच. कॅप्टन अंपायरवर धावून गेली. अंपायर म्हणाली, बाहेरचा माणूस काय ओरडतो त्याच्याशी तिला कर्तव्य नाही; गोल तो गोल. संयोजकांनी हलूनकाला स्टुलासकट वीस मीटर मागे नेऊन बसवलं. फोटो मात्र आला होता! मान सरळ, नजर समोर, दोन्ही खांदे एका रेषेत. हेल्मेट आड आलं म्हणून, नाहीतर तिला त्यावर पासपोर्ट मिळाला असता.

ताई फोनवर इतकी हसली की तिचे टाके दुखले. "मॅच काढणारे फोटोग्राफर पुष्कळ पाहिले," ती म्हणाली. "मॅच हरवणारा पहिलाच."

दुसऱ्या दिवशी गोलकीपर स्टुडिओचा जिना चढून आली. जिना लाकडी होता आणि तिची पावलं जोरदार, त्यामुळे ती येतेय हे खालच्या औषधाच्या दुकानालाही कळलं. हलूनका कॅमेऱ्याच्या मागे सरकला.

"पोरी, चूक झाली. माझ्या तोंडून निघून गेलं."

"काका, चूक माझी पण आहे. मी थांबले कशाला?" ती स्टुलावर धपकन बसली. "हजार माणसं ओरडतात तेव्हा मी ढिम्म हलत नाही. म्हणजे, हलते. तुमच्या एका ओरडण्याने थांबले. हे मला मोडायला हवं. तुम्ही रोज संध्याकाळी सरावाला यायचं आणि माझ्या मागून ओरडायचं."

"काय ओरडायचं?"

"तेच."

हलूनका गेला. दुसरा इलाजच नव्हता. रोज संध्याकाळी तो गोलजवळ उभा राहून घसा फाटेस्तोवर "हलू नका!" ओरडायचा, आणि ती मुद्दाम उड्या मारून चेंडू अडवायची. तीन दिवसांत तिची सवय मोडली. पण तोपर्यंत रेडा घेऊन जायची त्याला सवय लागली होती.

ती गोलमधून त्याला सांगायची, "काका, चेंडूच्या मागे कुठे पळताय? तो तुम्हाला सापडायचा नाही. तिचा खांदा बघा. खांदा वळला की स्टिक वळते, आणि मग चेंडू. मी तर चेंडू शेवटी बघते."

त्याने खांदे बघायला सुरुवात केली. आयुष्यभर लोकांचे खांदे सरळ करण्यात गेलेल्या माणसाला वाकडे खांदे वाचायचे म्हणजे जिवावर आलं. पण हळूहळू जमू लागलं. मुलीचा खांदा किंचित खाली गेला, की त्याचं बोट आपोआप दाबलं जाई आणि मग कळे, की फोटो निघाला. लेन्सचं वजन तेवढंच होतं, पण आता ते हातात लोंबकळत नव्हतं. कोपरातून बरगडीत, बरगडीतून कमरेत, कमरेतून सरळ जमिनीत उतरत होतं. एकदा तर हातातल्या रेड्याचा विसर पडून तो तशाच हाताने कान खाजवायला गेला आणि कपाळावर टेंगूळ आणून बसला. चौथ्या रविवारपर्यंत त्याचे फोटो बघून ताईने शिव्या देणं कमी केलं. बायको म्हणाली, ती आजारी तर नाही ना?

सातव्या रविवारी शेवटची मॅच होती. ताई आली. हात झोळीतून सुटला होता. येताच तिने पंजा पुढे केला आणि हलूनकाने रेडा तिच्या हाती दिला. तिने कोपर बरगडीत रुतवलं, लेन्स डोळ्याला लावली आणि सराव करणाऱ्या मुलींकडे वळवली. पहिला फोटो. दुसरा. तिसऱ्याला लेन्सचं तोंड हळूहळू खाली झुकायला लागलं. ताईने दात आवळले. हलूनकाने दुसरीकडे पाहिलं, कारण आता मदतीचा हात पुढे केला तर ती चावेल हे त्याला माहीत होतं.

"मेल्याचं वजन वाढलंय," ताई म्हणाली. "काय खायला घालत होतास?"

"ताई, तूच ठेव. मला कंटाळा आलाय त्याचा."

"खोटं बोलताना तुझे कान हलतात. लहानपणापासून." तिने लेन्स त्याच्या हातात ठेवली, पण बोटं लगेच सोडली नाहीत. मोकळ्या पंज्याने लेन्सच्या पाठीवर एकदा चापट मारली, जनावराला मारावी तशी. "धर. सुटतोय माझ्या हातातून."

त्याने धरला. ताई शेजारच्या रिकाम्या खोक्यावर बसली आणि बसल्या बसल्या सुरू झाली. उजवीकडे सरक, झूम मागे घे, ती सात नंबरची येतेय बघ, अरे कुठे बघतोयस. दोन मिनिटं त्याने ऐकून घेतलं. समोर सात नंबरचा खांदा खाली गेला.

"ताई, जरा गप्प बस."

बावन्न वर्षांत हे वाक्य तो पहिल्यांदा बोलला होता. ताईचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. हलूनकाने बोट दाबलं आणि दाबूनच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला. पेपरात फोटो मोठा छापला होता आणि खाली त्याचं नाव होतं, पण अक्षरांची अशी उलथापालथ झाली होती की त्याच्या बायकोनेही तीनदा वाचलं.

"नाव चुकवलंय रे त्यांनी," ताई म्हणाली.

"पाहिलं."

"माझं दोन वर्षं चुकवत होते. कुरकुरू नको. आणि हे बघ, चेंडू अजून थोडा आधी पकडता आला असता." मग तिने फोन ठेवला.