चुन्याचे तीन हात

अल्जिअर्समधल्या एका जुन्या सहामजली इमारतीच्या गच्चीवर कपडे धुण्याची खोली होती. तिच्यात झुलेखा आणि तिची आठ वर्षांची रितेज राहत होत्या. तलाकला दोन वर्षं झाली होती. आता तौफिकने कोर्टात अर्ज टाकला होता, की मुलगी धुण्याच्या खोलीत वाढते आहे, तिचा ताबा मला द्या. हा तोच तौफिक, ज्याला घरात असताना मुलगी कितवीत आहे हेही सांगता येत नव्हतं. पण अर्ज तो अर्ज. गुरुवारी सकाळी कोर्टाची बाई जागा बघायला येणार होती आणि तिच्या अहवालावर रितेज कुणाकडे राहणार ते ठरणार होतं.

झुलेखाच्या शिवणाच्या कारखान्यातल्या पगारात दुसरी जागा मिळणं शक्य नव्हतं. मग शेजारच्या खोलीतली यमीना खाला पुढे सरसावली. तिने तीस वर्षं हिद्रा या श्रीमंत वस्तीतल्या बंगल्यांत लाद्या पुसल्या होत्या, त्यामुळे घर सजवण्याच्या बाबतीत आपला शब्द शेवटचा, असं तिचं स्वतःचं मत होतं.

"पैसे लागत नाहीत गं, नजर लागते," ती म्हणाली. "आधी भिंतींना चुना मार. पडदा खिडकीवर नको, पार छताला लागून लाव, खोली उंच वाटते. त्याच कापडाची बैठकीला खोळ शीव. आरसा खिडकीसमोर ठेव. आणि पसारा काढ आधी. मोठ्या लोकांच्या घरात कशी जमीन दिसते. तुझ्याकडे नुसती पोरगी दिसते."

चार संध्याकाळी दोघी राबल्या. जुन्या फुलाफुलांच्या चादरीचा पडदा झाला, खोळही झाली. कड तुटलेला आरसा बाजारातून आला. तेलाच्या डब्यात सब्जाचं रोप लागलं, उघड्या बल्बवर टोपली चढली आणि उजेड मऊ झाला. दाराशेजारी रितेजच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा होत्या, दर ईदेला एक. चुन्याच्या पहिल्या हातातून त्या दिसत राहिल्या, दुसऱ्यातूनही. झुलेखाने तिथे तिसरा हात मारला.

बुधवारी रितेजची गादी, चित्रं, एका डोळ्याची बाहुली, चपला, सगळं खालाच्या खोलीत गेलं.

"यम्मा, मग मी कुठे झोपू?"

"आज माझ्या कुशीत," झुलेखा म्हणाली. खोली खरंच देखणी झाली होती. इथे आल्यापासून पहिल्यांदाच तिला आपल्या घराची लाज वाटली नाही.

गुरुवारी रितेज शाळेत गेली, खाला कामावर गेली आणि कोर्टाची बाई आली. बाई काही वाईट नव्हती. तिने कॉफी घेतली, पडद्याचं कौतुक केलं. मग वही उघडून विचारलं, की मुलगी झोपते कुठे.

झुलेखाने शेजारच्या दाराकडे बोट दाखवलं. दाराला कुलूप होतं आणि किल्ली खालाबरोबर गेली होती. सामान आत आहे, पसारा दिसू नये म्हणून हलवलं, संध्याकाळपर्यंत थांबा, असं ती परोपरीने सांगत राहिली. बाईला अजून तीन घरं करायची होती. तिने खोलीभर नजर फिरवली. कुठे एक वही नाही, एक मोजा नाही.

"बहिणी, सगळ्याच आया मला काही ना काही सांगतात," ती म्हणाली. "मला दिसतं तेवढंच लिहिता येतं."

अहवालात आलं: जागा स्वच्छ आहे, उजेड पुरेसा आहे, मुलगी येथे राहत असल्याची खूण आढळली नाही. तौफिकच्या वकिलाने शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. पुढच्या तारखेपर्यंत रितेज बापाकडे गेली. खालाने आधी कोर्टाला शिव्या घातल्या, मग स्वतःला.

रितेज गेली त्या दुपारी झुलेखाने गादी, बाहुली, चपला परत आणून पूर्वीसारख्याच पसरल्या. मग चमचा घेऊन ती दाराशेजारी बसली आणि चुना खरवडू लागली. पुन्हा कोणी बघायला आलं तर निदान रेघा तरी दिसायला हव्या होत्या. वरचा हात निघाला, मधला निघाला. खालच्याबरोबर गिलावाच सुटून तिच्या मांडीवर पडला आणि मागे ओली वीट उरली.

गेल्या ईदेला रितेज केवढी होती, ते पाहायला तिने विटेवर हात धरला. थोडा वर नेला, मग खाली आणला. तिला नक्की आठवेना.