थिजलेली टाकी

मालकांच्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट शिरली की ती ब्रह्मदेवालाही बाहेर काढता येत नसे, मग जावयाची काय कथा! या खेपेला शिरलं होतं ते असं, की सरकारी तपासणीच्या बाई येतील तेव्हा कारखाना आजारी दिसला पाहिजे.

कारखाना पाइपांचा. बाहेरदेशीचे लोक स्वतःच्या बाजारातल्या भावापेक्षाही कमी भावात लोखंडी पाइप इथे आणून ओतत, म्हणून सरकारने त्या मालावर जादा शुल्क बसवलं होतं. त्याची पाच वर्षं आता भरत आली होती. ते पुढे चालू ठेवायचं की उठवायचं, याची फेरतपासणी लागली होती. शुल्क उठलं की कारखाना बुडाला, हे दारावरच्या वॉचमनलाही ठाऊक होतं. म्हणून मालकांनी फर्मान काढलं. पाइपांना जस्ताचा मुलामा देणारी लाइन त्या दिवशी बंद, तिथले कामगार सुट्टीवर, रोलरवर धूळ पसरा, आणि बाईंना सांगा की सरकारला उत्पादनाचे आकडे पाठवले त्यानंतर लाइन बंदच पडली.

जावईबापूंना हे मुळीच पसंत नव्हतं. सगळा कारखाना त्यांना जावईबापूच म्हणे. ते मालकांच्या एकुलत्या एका मुलीचे नवरे होते आणि कारखान्याचे मॅनेजरही होते. यातलं कशामुळे काय झालं, यावर जेवणाच्या सुट्टीत अजून वाद रंगत. त्यांनी सासऱ्यांना सांगून पाहिलं, की मामा, खोटं उघडं पडलं तर आपलं खरंही कोणी धरणार नाही. मालक म्हणाले, आजारी दिसल्याशिवाय डॉक्टर औषध देतो का? झालं, जावईबापू गप्प! घरी भाजी वाढता वाढता बायकोने शेरा मारला, की बाबांसमोर तोंड उघडायची तुमची छाती नाही हे मी लग्नाआधीच ओळखलं होतं. बाबांनीही ओळखलं, म्हणून तर ते तयार झाले.

लाइन बंद केली तरी एक गोष्ट मात्र बंद करता येत नव्हती. टाकीतलं जस्त रात्रंदिवस वितळलेलंच ठेवावं लागतं. भट्टी विझली की ते थिजतं, आणि थिजलेलं पुन्हा वितळवायला जावं तर टाकीच तडकते. तेव्हा मालकांनी टाकीवर लोखंडी झाकणं घालून वर राख टाकायला लावली, जाळ कमी करवला, आणि बाईंना लाइन वरच्या गॅलरीतूनच दाखवायची असं ठरवलं. सगळी सोंगं आणता येतात म्हणतात. मालकांनी हेही आणलं.

बाई आल्या. बुटक्या, हळू बोलणाऱ्या, चहालासुद्धा नको म्हणून स्वतःच्या बाटलीतलं पाणी पिणाऱ्या. गॅलरीच्या कठड्याला टेकून त्यांनी खालच्या धुळीकडे बराच वेळ पाहिलं. मालकांनी मोठा सुस्कारा सोडून लाइनची करुण कहाणी सांगितली.

ऑफिसात परतल्यावर बाईंनी लिहिलेलं वाचून दाखवलं आणि पेन खाली ठेवलं.

“शुल्क चालू असताना तुमची लाइन बंद पडली. मग शुल्काने तुमचं काय भलं झालं? जे औषध लागू पडत नाही, ते आणखी पाच वर्षं कशाला द्यायचं?”

मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! बाईंना मुळी आजचा ताप बघायचाच नव्हता. औषध थांबवलं तर दुखणं पुन्हा उलटेल का, एवढंच त्यांना ठरवायचं होतं. आणि इथे मालकांनी स्वतःच्या तोंडाने औषधाला कुचकामी ठरवलं होतं. बाईंनी कागद सहीसाठी पुढे सरकवला. मालकांची नजर त्या कागदावर खिळली होती, पण हात काही पुढे होईना.

“थांबा, मॅडम,” जावईबापू म्हणाले, आणि आपण बोललो याची त्यांनाच भीती वाटली. “लाइन चालू आहे. कालपर्यंत माल निघत होता. खाली चला, दाखवतो.”

सासऱ्यांकडे बघायचं त्यांनी टाळलं. तिघं खाली गेली, आणि जावईबापूंनी पाइप उचलायच्या आकड्याने टाकीवरचं एक झाकण बाजूला ओढलं. धग तोंडावर आली तशा बाई मागे सरल्या. आत चांदीसारखं जस्त हलत होतं.

“खोट्या माहितीवरून तुम्ही पाठवलेले सगळे आकडे बाजूला ठेवता येतात, ठाऊक आहे ना?” बाईंनी विचारलं. जावईबापूंनी मान हलवली. “मग आता तुमचं कुठलं म्हणणं खरं धरू?”

खरं दाखवण्यासारखं एकच होतं. ते शेडच्या मागे, ताडपत्रीखाली, रिकाम्या पिंपांच्या आड पडलं होतं, आणि त्याचं नाव काढायची कारखान्यात कोणाची हिंमत नव्हती. जावईबापू सासऱ्यांकडे वळले.

“मामा, ती दाखवू?”

मालकांनी एकदा त्या उघड्या टाकीकडे पाहिलं. जावईबापूंना वाटलं, संपलं सगळं, कारखानाही आणि घरही. तेवढ्यात मालक वळले आणि शेडच्या मागे चालू लागले. पिंपं त्यांनी स्वतःच ढकलली, ताडपत्री ओढली. खाली जुनी टाकी होती. एका अंगाने वरपासून खालपर्यंत तडकलेली, आत जस्ताचा दगड झालेला, आणि त्या दगडात पाइप उचलायचा आकडा अर्धा रुतून बसलेला.

“शुल्क लागण्याच्या आदल्या वर्षीची ही,” मालक म्हणाले. “आमच्या कच्च्या मालाच्या भावात बाहेरचा तयार पाइप येत होता. भट्टी पेटती ठेवणं परवडेना. ती विझवा म्हणून मीच सांगितलं. माणसांनाही मीच घरी पाठवलं. कोणाला दाखवायची लाज वाटते.” बोलता बोलता त्यांनी रुतलेल्या आकड्यावरची धूळ हाताने पुसली.

बाईंनी तड्यावर बोट फिरवलं. नव्या टाकीच्या खरेदीची कागदपत्रं मागितली, फोटो काढले. मग दोन्ही गोष्टी त्यांच्यासमोर लिहिल्या, धुळीचं सोंगही आणि ही टाकीही. पुढे काय होणार, याचा चकार शब्द न काढता त्या निघून गेल्या.

निकाल येईपर्यंत मालक जावयाशी बोलले नाहीत. जेवताना मीठ हवं असलं तरी मुलीमार्फत मागत. मुलगी मात्र नवऱ्याला न मागता दुसऱ्यांदा भाजी वाढू लागली होती.

निकाल आला तो ऑफिसात. शुल्क आणखी पाच वर्षं चालू. जुन्या टाकीचा त्यात स्पष्ट उल्लेख होता. पण त्याच पानावर, धंद्यातल्या सगळ्यांनी वाचावं असं, हेही छापलं होतं, की या कारखान्याने चालू लाइन बंद म्हणून दाखवली आणि ते म्हणणं फेटाळण्यात येत आहे. मालकांनी ते ओळ न ओळ वाचलं, चष्मा काढला. आता आपली खैर नाही, असं समजून जावईबापू उभे राहिले.

“जावईबापू,” मालक म्हणाले, “ती टाकी भंगारात घालू नका. पाच वर्षांनी पुन्हा कोणीतरी विचारायला येईल. तेव्हा मी असेन, नसेन. तुम्ही दाखवा.”

मग चष्मा पुसत त्यांनी खिडकीतून शेडकडे पाहिलं.

“आणि तिच्यावरची ताडपत्री आजच काढून टाका.”