भिंत खालच्याची, पाइप वरच्याचा

वरच्या मजल्यावर नळ बंद झाला की खालच्या मधल्या खोलीच्या भिंतीवर धाडकन आवाज व्हायचा आणि माहेरी बाळंतपणाला आलेल्या स्वराचं बाळ दचकून हातपाय ताठ करायचं. मग ते रडायचं. मग स्वराही रडायची, पण तोंड भिंतीकडे करून.

तिच्या वडिलांनी, गोपाळरावांनी या आवाजाची चौकशी तहसिलीतल्या जुन्या शिरस्त्याने केली, म्हणजे आधी आरोपी ठरवला आणि मग पुरावा शोधायला निघाले. आरोपी वरच राहत होती. धाकट्या भावाची, राजकुमारची बायको नीलिमा.

"मुद्दाम आपटून राह्यली ती नळ. आपल्या घरात लेकरू आलेलं पाहवत नाही तिले."

"नळ काय धुण्याचं कापड आहे का हो, आपटायले?" त्यांची बायको कुमुदिनीबाई म्हणाल्या.

तरी गोपाळरावांनी लखन प्लंबरला बोलावलं. दुखणं वरचं होतं, पण वर जायचं म्हणजे भावाशी बोलावं लागलं असतं. म्हणून औषध खालीच दिलं, आपल्याच नळांचे वायसर बदलून घेतले. आवाज होता तसाच राहिला.

निदान शेवटी कुमुदिनीबाईंनी केलं. वर जाणाऱ्या पाइपवर तळहात दाबून त्या उभ्या राहिल्या. वर नळ बंद झाला, हाताला हिसका बसला, आवाज मात्र आला नाही. हात काढला, तर पुढच्या खेपेला पुन्हा धाडकन.

"पाइप सुटा लोंबून राह्यला. मोटर जोरात पाणी वर फेकते, नळ झटक्यात बंद झाला की हा भिंतीवर आदळते. याले धरून ठेवणारे क्लॅम्प होते ना? ते कुठं गेले?"

कुठं गेले, ते गोपाळरावांना पक्कं ठाऊक होतं. घराची वाटणी झाली तेव्हा बोअर दोघांची ठरली, भिंत खालच्याची आणि पाइप वरच्याचा. दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतः स्टुलावर चढून क्लॅम्प काढले होते. उभी नोकरी लोकांच्या जमिनीवरचे कब्जे पाहण्यात गेलेली. आज भिंतीत खिळा, उद्या वहिवाट, परवा हक्क! काढलेले क्लॅम्प पिशवीत घालून त्यांनी जिन्यावर ठेवले. वरच्याचं सामान वरच्याला. भावाचं लोखंडही बुडवायचं नाही, इतका चोख माणूस.

आणि हाच माणूस नातीला मांडीवर घेतलं की इतक्या मऊ आवाजात बोलायचा, की कुमुदिनीबाईंना वाटायचं, ही पुंजी यांनी इतकी वर्षं कुठं लपवली होती? बाळ पाच महिन्यांचं होईस्तोवर स्वरा राहणार होती. त्यानंतरचा विचार गोपाळराव करतच नव्हते.

"बाबा, क्लॅम्प लावा," स्वरा म्हणाली. "नाहीतर मी जाते हैदराबादला. सासूबाई बोलावूनच राह्यल्या."

"लावतो ना. पण आधी राजकुमारनं लिहून द्यावं, का भिंतीवर त्याचा हक्क नाही. दोनच ओळी."

"काकाले हे सांगणार कोण? तुमी तर बोलत नाही."

"निरोप धाडू."

निरोप कोणी न्यायचा, यावरच दिवस गेले. त्या घरात जिना होता, पण निरोपांची वाट बंद होती.

मग एका सोमवारी नीलिमा पहाटेच तलमडुगूला, माहेरच्या लग्नाला गेली. ड्यूटीवर निघता निघता राजकुमारने नळ बंद केला. धाडकन. रात्रभर किरकिरून नुकतंच झोपलेलं बाळ किंचाळून उठलं. स्वराने बॅग काढली. दुपारी जावई जयदीप गाडी घेऊन आला.

"काऊन एवढी घाई?" गोपाळराव दारात उभे राहिले.

"घाई कुठली, बाबा?" स्वरा म्हणाली. "तुमच्या दोन ओळींची वाट पाहिली आमी."

दुसऱ्या दिवशी गोपाळरावांनी बाजारातून क्लॅम्प आणले, रबराच्या पट्ट्या आणल्या. कोणाकडून काही लिहून न घेता सगळे भिंतीत ठोकले. कुमुदिनीबाईंनी स्टूल धरलं. एका शब्दानेही टोमणा मारला नाही, त्याचंच गोपाळरावांना जास्त लागलं.

आता पाहायचं तर वर नळ कोणीतरी बंद करायला हवा. गोपाळराव जिन्याशी गेले. थोडा वेळ घसा खाकरत राहिले.

"नीलिमा!"

वर भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. आदल्या रात्री उशिरा लग्नाहून परतलेली नीलिमा पदर सावरत कठड्याशी आली. वाटणीनंतर मोठ्या दिरांनी तिला पहिल्यांदाच हाक मारली होती.

"काय म्हणता, दादा?"

"नळ सोड जरा. अन् झटक्यात बंद कर."

"झटक्यात?" तिने आवाज बारीक केला. "नको दादा, बाळ उठते. मी तर हळूहळूच बंद करतो आजकाल. ह्यांनाच ध्यान राहत नाही."

स्वरा गेल्याचं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कोण?

"नाही उठत. कर तू."

वर नळ सुटला, बंद झाला. पाइप जागचा हलला नाही.

"नाही ना उठलं?" नीलिमाने वरून कुजबुजत विचारलं.

"नाही," गोपाळराव म्हणाले. "झोपून आहे."

कुमुदिनीबाईंनी स्टूल उचललं आणि त्या मागच्या दाराने अंगणात निघून गेल्या.