दम सुटला तर

वरळीच्या बीडीडी चाळीत राहणारी प्रिती लहानपणापासून कबड्डी खेळली. खेळणं सुटलं तेव्हा पंच व्हायचं तिनं मनावर घेतलं. नियम तोंडपाठ होते, पण तोंडी परीक्षा इंग्रजीत. मागच्या वर्षी ती प्रत्येक वाक्यात ‘विल’ घालत गेली. परीक्षकांनी विचारलं, “होईल, की होतंच?” आणि तिथंच ती नापास झाली.

यंदाच्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ती लालबागच्या मैदानात सामना बघत होती. शेजारी शाळेत इंग्रजी शिकवणारी मैत्रीण सुचित्रा.

“बर्फ तापवला तर वितळतो, हे झिरो कंडिशनल. तू उशीर केलास तर मी निघून जाईन, हे फर्स्ट.”

“दोन्हीकडे ‘तर’च आहे गं.”

तेवढ्यात शेवटची चढाई आली. प्रितीचा क्लब एका गुणानं मागे, आणि चढाईला तिनंच तयार केलेली दीपिका. प्रिती ताडकन उभी राहिली.

“डावीकडे गेली तर धरतील तिला.”

“आणि दम सुटला तर?” सुचित्रानं विचारलं.

“तर बाद. नियमच आहे तो.” प्रिती एकदम थबकली. “ए, ‘बाद होईल’ नाही म्हणाले मी.”

“का नाही म्हणालीस?”

“दम सुटला तर कुणीही असो, कधीही असो, बादच. तिथं विल कशाला? दीपिकाचं मात्र अजून ठरायचंय. धरतील, नाहीतर सुटेल. तिथं विल!”

दीपिका उजवीकडे वळली, दोघींना शिवली आणि मध्यरेषेवर झेपावली. मैदान दणाणलं. प्रितीनं सुचित्राला कडकडून मिठी मारली. ती सामन्यासाठी होती की व्याकरणासाठी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दादरला परीक्षक तेच होते आणि प्रश्नही तोच: चढाईत दम सुटला तर काय?

“इफ अ रेडर लूझेस हर कँट, शी इज आउट,” प्रिती म्हणाली.

“ऑलवेज?”

“ऑलवेज, सर.”

“आणि आज खाली सामने आहेत, तिथं तुमच्या निर्णयावर लोक ओरडले तर?”

प्रितीनं लगेच उत्तर दिलं. “इफ दे शाउट, आय विल नॉट चेंज इट, सर.”

परीक्षक हसले. “पास. शिट्टी आणलीय? खाली मुलींच्या सामन्याला एक पंच कमी पडतोय.”

प्रिती जिना धडाधड उतरत फोनवर सुचित्राला सांगत होती, “असशील तशी ये. मी मॅटवर उभी राहतेय.”