सकाळचे अठरा

त्या वॉर्डात थोरल्या सिस्टरांना सगळे मागून 'मिनिटबाई' म्हणत, आणि हे त्यांना पक्के ठाऊक होते. रुग्णाचे श्वास मोजायचे तर पूर्ण एक मिनिट मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायचे नाही, आणि लांबून बघून अंदाजपंचे आकडा तर मुळीच लिहायचा नाही. हा त्यांचा हेका होता. ताप थर्मामीटर सांगतो, रक्तदाब यंत्र सांगते, ऑक्सिजन बोटाला लावलेला चिमटा सांगतो. त्या वॉर्डात श्वास तेवढे माणसाला मोजावे लागत, आणि जिथे यंत्र नसते तिथे माणूस हमखास अंगचोरी करतो. श्वासाच्या रकान्यात अठरा, अठरा, अठरा अशी पलटण उभी असते. कुणी झोपलेले असो, कुणी कण्हत असो, कुणी नुकताच जिना चढून आलेला असो, सगळे आपले मिनिटाला अठरा श्वास घेतात.

महिन्यापूर्वी याच अठरावरून त्यांनी धाकट्या सिस्टरला धारेवर धरले होते. धाकटी कामाला चपळ, पण त्या दिवशी तिने एका रुग्णाचे श्वास अठरा लिहिले तेव्हा तो रुग्ण एक्स-रेसाठी खालच्या मजल्यावर गेलेला होता. म्हणजे तिने रिकाम्या खाटेचे श्वास मोजले होते. मिनिटबाईंनी सगळ्यांसमोर तक्ता वाचून दाखवला, तिच्याकडून लेखी खुलासा घेतला आणि तो मेट्रनकडे पाठवून दिला. धाकटी औषधांच्या खोलीत जाऊन रडली. तेव्हापासून दोघी कामापुरते बोलत, आणि काम संपले की तेवढेही नाही.

तर त्या सकाळी बावीस खाटा आणि या दोघीच. बाकीच्या दोघी तापाने घरी. सातच्या फेरीत मिनिटबाई नऊ नंबरच्या खाटेपाशी आल्या. तिथे शिवणकाम करणाऱ्या एक काकू होत्या, आतड्याच्या ऑपरेशनचा तिसरा दिवस. काकू डोळे मिटून पडल्या होत्या. ताप घेतला, रक्तदाब घेतला, बोटाला चिमटा लावला. मनगट धरून त्या श्वास मोजायला लागणार, एवढ्यात बारा नंबरवाल्या आजोबांनी झोपेत हाताची सलाईन उपटली आणि चादरीवरचे रक्त पाहून त्यांच्या मुलाने वॉर्ड डोक्यावर घेतला. मिनिटबाईंनी काकूंच्या पांघरुणावर एक नजर टाकली, अठरा लिहिले आणि धावल्या. लिहिताना हात अडखळलासुद्धा नाही. सव्वीस वर्षांत हे पहिल्यांदाच झाले, असे त्यांनी नंतर स्वतःला बजावून पाहिले. ते खरे नव्हते.

दहा वाजता काकूंची सून आली. तिने डबा ठेवला, सासूची उशी सारखी केली, पाच मिनिटे बसली आणि सरळ सिस्टरांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"सिस्टर, आमच्या सासूबाई आज माझ्या चुका काढत नाहीयेत."

धाकटी खुदकन हसली. सून हसली नाही.

"चेष्टा नाही करत मी. उशी उलटी ठेवली, बघितली पण बोलल्या नाहीत. डब्याचं झाकण त्यांच्या अंगावर पडता पडता राहिलं, तरी गप्प. अकरा वर्षांत असं कधी झालेलं नाही. मला हे लक्षण काही धड दिसत नाहीये."

मिनिटबाई उठल्या. बिघाडाची पहिली खबर घरच्या माणसाकडून येते, आणि ती बहुतेक वेळा अशाच वेड्यावाकड्या शब्दांत येते, हे त्या नव्या मुलींना नेहमी सांगत.

"काय काकू, कसं वाटतंय?"

"बरंय," काकू म्हणाल्या. मग थांबल्या. "जरा पोट," पुन्हा थांबल्या, "जड."

एका वाक्याचे तीन तुकडे. मिनिटबाईंनी नाडी बघत असल्यासारखे मनगट धरले, म्हणजे काकूंना श्वासाचे भान येऊ नये, आणि छातीकडे बघत घड्याळ लावले. अर्ध्या मिनिटातच चौदा झाले. तरी त्या थांबल्या, साठ सेकंद पूर्ण केले. अठ्ठावीस भरले.

वॉर्डातले डॉक्टर समोरच्याच रांगेत होते. तरुण, समंजस, आणि आदल्या दिवसापासून न झोपलेले. त्यांनी काकूंचे पोट दाबून पाहिले, ते मऊच लागले. मग तक्ता हातात घेतला.

"ताप फारसा नाही. ऑक्सिजन पंच्याण्णव. नाडी शहाऐंशी. नुसते श्वास वाढलेत. आत्ता कुठे चालल्या होत्या का?"

"तोंड धुवायला बाथरूमपर्यंत. त्याला वीस मिनिटं झाली."

"मग दम लागला असेल. हे बघा ना, काल संध्याकाळी बावीस होते, आज सकाळी अठरा. उतरतायत की. दुखण्याचं औषध द्या, दोन तासांनी परत मोजा."

बावीस? मिनिटबाईंनी तक्ता ओढून घेतला. आदल्या संध्याकाळच्या रकान्यात धाकटीच्या गोल, बारीक अक्षरात बावीस लिहिलेले होते. त्याच्या आदल्या वेळेला वीस, तेही तिचेच. खुलासा लिहून दिल्यापासून ती पोरगी पूर्ण एक मिनिट मोजत होती. वीस, बावीस अशी चढत गेलेली रेघ सकाळी सात वाजता खाली आली होती, आणि ती मिनिटबाईंनी आणली होती.

"सर, मला हे ठीक वाटत नाही. मोठ्या डॉक्टरांना बोलवा."

"ते ऑपरेशनमध्ये आहेत. त्यांना बाहेर काढायचं तर हातात काहीतरी पाहिजे, सिस्टर. तुम्हाला वाटतंय, एवढ्यावर मी काय सांगू?"

कागद बघता त्यांचे काहीच चुकत नव्हते. आणि कागदावर मिनिटबाईंचीच सही होती. गप्प बसून वेळ मारून नेता आली असती. दोन तासांनी पुन्हा मोजले असते, आकडा आणखी चढला असता, डॉक्टर आपोआप हलले असते, आणि सकाळचे अठरा कुणी कधी विचारले नसते. दोन पावलांवर धाकटी इंजेक्शनचा ट्रे घेऊन उभी होती आणि तिचे कान इकडेच होते. पण दोन तास त्यांच्या हातचे नव्हते, ते खाटेवर पडलेल्या बाईचे होते.

"सकाळचे अठरा मी मोजले नाहीत," त्या म्हणाल्या. "न मोजता लिहिले. ते धरू नका."

डॉक्टरांनी मान वर केली. ट्रेमधली बाटली खणकली.

"तो आकडा काढा आणि बाकीचं बघा. श्वास वीस, बावीस, अठ्ठावीस. रक्तदाब परवा एकशे अडतीस, काल एकशे चोवीस, आज एकशे आठ. ते यंत्राचे आकडे आहेत, त्यात माझा हात नाही. पहाटेपासून नळीच्या पिशवीत लघवी निम्म्यावर आली आहे. नाडीवर जाऊ नका, त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, ती नाडीला चढू देत नाही. आणि सून म्हणते, सासू भांडत नाही."

डॉक्टरांनी अठरावर पेनाने एक आडवी रेघ मारली. उरलेले आकडे त्यांनी खालून वर दोनदा वाचले आणि खिशातून फोन काढला.

पुढचे सगळे भराभर झाले. तपासणीच्या फोटोत दिसले की पहिल्या ऑपरेशनमध्ये आतड्याला शिवून घातलेला जोड एका जागी गळत होता. दीड वाजता काकूंना पुन्हा ऑपरेशनला नेले. मोठे डॉक्टर बाहेर आल्यावर सुनेला एवढेच म्हणाले, "वेळेत सांगितलंत." सुनेने रडत रडत मिनिटबाईंचे दोन्ही हात धरले. मिनिटबाईंना ते हात सोडवून घ्यावेसे वाटले.

ड्यूटी संपल्यावर त्यांनी खुलाशाचा कोरा कागद काढला. मजकूर त्यांना तोंडपाठ होता, महिन्यापूर्वी त्यांनीच तो धाकटीला सांगितला होता. श्वास न मोजता नोंद केली, कारण समर्थनीय नाही. खाली सही करून त्यांनी कागद धाकटीपुढे ठेवला.

"मेट्रनच्या टेबलावर नेऊन ठेव."

धाकटीने वाचला. "सिस्टर, एवढी गडबड चालली होती, बारा नंबरला रक्त..."

"तुझ्याही दिवशी गडबड होती. मी विचारलं होतं का?"

धाकटी कागदाची घडी घालून घेऊन गेली.

आठव्या दिवशी काकू अतिदक्षता विभागातून वॉर्डात परतल्या. निम्म्या झाल्या होत्या, पण तोंडाचा पट्टा सुरू झाला होता. "तीस वर्षं ब्लाउज शिवले, माझ्या टाक्याला कुणी नाव ठेवलं नाही, आणि ह्यांचा तीन दिवसांत उसवला," असे त्या शेजारच्या खाटेला ऐकवत होत्या. सुनेने उशी ठेवली, तीही उलटी निघाली, आणि त्यावरून सुनेला दहा वाक्ये ऐकावी लागली. सून मान खाली घालून हसत होती.

मिनिटबाईंनी मनगट धरले आणि घड्याळाकडे पाहिले.

"नाडी किती वेळ बघताय, सिस्टर? सापडत नाहीये का?"

"बोलू नका हो काकू, एक मिनिट."

मिनिट भरले. अठरा झाले होते, चोख, मोजून घेतलेले. मिनिटबाईंनी पेन रकान्यापाशी नेले. त्याच तक्त्यात वर, आडव्या रेघेखाली, त्यांच्याच हातचे दुसरे अठरा होते. रेघ सोडली तर दोन्हीत काही फरक दिसला नसता. त्यांनी पेनला टोपण लावले.

"धाकटे, इकडे ये. काकूंचे श्वास मोज."

"तुम्ही आत्ताच मोजलेत ना?"

"मोजले. तू मोज."

धाकटीने मनगट धरले. काकूंनी कपाळाला हात लावला. मिनिटबाई खिडकीकडे तोंड करून पूर्ण मिनिटभर उभ्या राहिल्या.

"अठरा," धाकटी म्हणाली.

"मग लिही," मिनिटबाई म्हणाल्या आणि तक्ता तिच्या हातात दिला. "आणि सही तुझी कर."