गार इंजिन

दादासोनं सकाळीच ट्रक सुरू करून ठेवला, तेव्हा शालू भाकरी थापत होती. गिऱ्हाईक यायला अजून अवकाश होता. दारात गाडी एकसारखी घरघरत राहिली आणि शालूच्या हातातली भाकरी काठाला चिरली.

दिराची ही रीत तिला माहीत होती. गेल्या साली तो असाच गाडी तापवत बसला होता. तेव्हाचं गिऱ्हाईक म्हणजे तिचे वडील.

तिचे आबा, हंबीरराव, लष्करात ड्रायव्हर होते. पेन्शनीवर आल्यानंतर मेढ्याच्या बाजूला कुणाला जुना ट्रक घ्यायचा झाला, की तो आधी त्यांना सोबत न्यायचा. काट्यावर किती मैल पडलेत हे ते बघतच नसत. "काटा मागं फिरवता येतोय, पायाखालचं रबर न्हाई," म्हणायचे, आणि ब्रेकच्या पेडलचं रबर किती झिजलंय ते चाचपायचे. चॅसीला ताजा रंग दिसला तर तो नखानं खरवडायचे. चढावर गाडी उभी करून हँडब्रेक धरतो का बघायचे. पण या सगळ्याच्या आधी बॉनेटवर तळवा. तो गरम लागला तर मालकाच्या दारात बसून राहायचे, गाडी गार होईपर्यंत. "तापलेलं इंजिन कुणाशीबी गोड बोलतंय," म्हणायचे. "गार असताना कसं खोकतंय ते ऐकावं."

दुष्काळ सरला तसं त्यांनी स्वतःची गाडी घ्यायचं मनावर घेतलं. शालूच्या सासरी, कराडला, गुळाच्या खेपा मारून दमलेला एक ट्रक विकायचा होता. बाहेर मामंजी पानाचं तबक पुढं घेऊन बसले होते. आबा पाणी प्यायला स्वयंपाकघराच्या दाराशी आले, तेव्हा शालू हळूच म्हणाली, "आबा, आज बॉनेटला हात लावू नका. व्याह्यावर इस्वास न्हाई असं दिसंल. मला हितं नांदायचं हाय."

आबांनी तिच्याकडं पाहिलं. "बरं बाई," म्हणाले. बाहेर जाऊन त्यांनी पान खाल्लं, नारळ फोडला आणि गाडी घेऊन गेले. इंजिन सकाळपासून चालू आहे, हे शालूला ठाऊक होतं. तेवढं तिनं सांगितलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर केळघरच्या घाटात गाडी चढावर बंद पडली. पुन्हा सुरू होईना. हँडब्रेक धरेना, म्हणून आबा चाकामागं दगड लावायला उतरले. गाडी मागं आली.

आई म्हणाली, हे धूड माझ्या दारात नको. मग दादासोनं ते परत कराडला आणलं, पत्रा ठोकून घेतला, निळा रंग दिला. नशिबापुढं कुणाचं चालतं, असं जो तो शालूला सांगायचा. ती मान हलवायची. आईच्या गळ्यात पडून रडतानाही तिला वाटत राहिलं, की आपण हिला फसवतोय.

आज इस्लामपूरचे मोहिद्दीन आले होते. कांद्याचे व्यापारी, आबांचे जुने स्नेही. त्यांचा पहिला ट्रक आबांनीच पारखून दिला होता.

"उघडून बघा की चाचा," दादासो बोलण्यापुरतं म्हणाला.

"मी काय बघू, गड्या? मला कांद्यातलं कळतंय." मोहिद्दीन हसले. "ही हंबीररावाची गाडी. लोकांच्या गाडीखाली अर्धा अर्धा दिस लोळणारा माणूस त्यो. सवताची काय डोळं झाकून घेतली आसंल? घाटात झालं ते त्याचं नशीब. माझा थोरला चालवणार हाय, म्हणून तर हीच घेतोय."

मामंजी खूश झाले. "सूनबाई, नारळ आणा."

शालू नारळ घेऊन आली. मामंजींनी हात पुढं केला. ती त्यांच्या पुढून थेट ट्रकपाशी गेली आणि तिनं बॉनेटवर तळवा ठेवला.

"चाचा, आबांनी ही गाडी बघितली नव्हती."

इंजिन सुरात चाललं होतं.

"मीच बघू दिली न्हाई. आताबी ही सकाळधरनं चालू हाय. गार हू द्या, मग ऐका."

"बायकास्नी इंजिनातलं काय कळतंय, चाचा," दादासो हसून म्हणाला.

मोहिद्दीन हसले नाहीत. त्यांनी बॉनेटला हात लावला आणि चटकन मागं घेतला. "बंद कर रं. मला घाई न्हाई." ते चिंचेखाली जाऊन बसले.

"आत जा," मामंजी शालूला म्हणाले. आवाज चढला नव्हता.

आत सासूबाईंनी तिच्याकडं पाहिलं नाही. "नांदायचं हाय न्हवं तुला हितं?" एवढंच म्हणाल्या. शालूनं नारळ देवापुढं ठेवला आणि ज्वारी निवडायला घेतली.

उन्हं कलल्यावर बाहेर दादासोनं सेल्फ मारला. इंजिन घुसमटलं, खोकलं, थांबलं. पुन्हा मारला. पांढरा धूर खिडकीतून आत आला. सासूबाईंनी पदर नाकाला लावला. शालू सुपावर हात ठेवून ऐकत राहिली.

एवढंच ऐकायला आबांना चिंचेखाली थांबावं लागलं असतं. ते थांबले असते.